जुन्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना ट्रॅक्टर बाळगणारी माणसं हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून ते एकदा नीट मांडून ठेवले आहेत. लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा. उत्तरं मुख्यतः फर्ग्युसन पद्धतीच्या लिफ्टला धरून आहेत. म्हणजे फर्ग्युसन टीई-२०, त्यानंतरचे मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५, आणि याच कुळातले फोर्ड ९एन व ८एन. इतर जुन्या ट्रॅक्टरांत पंप वेगळ्या प्रकारचा किंवा वेगळ्या जागी असतो, पण दोष शोधायची रीत बरीचशी सारखीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. लिफ्ट बंद पडली की सगळे पहिला आळ पंपावर घेतात, आणि माझ्या अनुभवात पंप सगळ्यात शेवटी दोषी ठरतो. म्हणून पुढची बरीच उत्तरं पंपापर्यंत पोचायच्या आधी काय पाहायचं याबद्दल आहेत.

१. ही लिफ्ट मुळात चालते कशी?

मागच्या हौसिंगमध्ये, गिअरच्या तेलात बुडालेला चार पिस्टनचा छोटा पंप असतो. पीटीओकडे (अवजार फिरवायला ट्रॅक्टरच्या मागे निघणाऱ्या टोकाकडे) जाणारा शाफ्ट त्याला फिरवतो. पंपातून दाबाने निघालेलं तेल एका उभ्या नळीतून सीटखालच्या जड कव्हरमध्ये जातं. त्या कव्हरच्या पोटात एक आडवा सिलिंडर बसवलेला असतो. त्यातला पिस्टन सरकला की दांड्याने आडवा शाफ्ट फिरतो, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे लिफ्ट आर्म वर जातात आणि त्यांच्याबरोबर खालच्या लिंक व अवजार उचललं जातं.

इथे एक बारकावा आहे आणि तो समजला की निम्मे दोष आपोआप उलगडतात. बहुतेक हायड्रॉलिक यंत्रांत पंप सतत तेल ढकलतो आणि व्हॉल्व्ह ते तेल कुठे जायचं ते ठरवतो. या पद्धतीचा जनक हॅरी फर्ग्युसन, त्याच्या रचनेत मुख्य कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या शोषणाच्या बाजूला आहे. लिव्हर वर केला की व्हॉल्व्ह तेल आत येऊ देतो आणि लिफ्ट उचलते. व्हॉल्व्ह मधल्या जागी आला की येणारी आणि जाणारी दोन्ही वाट बंद, त्यामुळे पंप फिरतो पण तेल ढकलत नाही आणि सिलिंडरमधलं तेल अडकून राहतं. लिव्हर खाली केला की परतीची वाट उघडते आणि अवजाराच्या वजनानेच तेल बाहेर पडतं. पंप रिकामा फिरत असल्यामुळे विनाकारण तेल तापत नाही. १९३६ मध्ये बाजारात आलेल्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरपासून ही कल्पना पुढे चालत आली आहे.

२. लिफ्ट अवजार जमिनीत दाबत नाही. दाब कमी पडतोय का?

नाही. ही लिफ्ट एकतर्फी आहे. ती फक्त उचलते, खाली ढकलण्याची सोयच तिच्यात नाही. नांगर जमिनीत जातो तो त्याच्या फाळाच्या कोनामुळे आणि स्वतःच्या वजनामुळे. नांगर रुतत नसेल तर टॉप लिंकची (अवजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या दांड्याची) लांबी पाहा, फाळ बोथट झालाय का पाहा. टॉप लिंक थोडी आखूड केली की नांगराचं तोंड खाली होतं आणि तो आत शिरतो. हायड्रॉलिकला हात लावायची गरज नाही.

३. अवजार वर उचललेलं ठेवून खाली शिरून पाहिलं तर चालेल का?

अजिबात नाही. अवजाराला त्या क्षणी फक्त एका ओ-रिंगने (तेल अडवणाऱ्या रबरी कडीने) धरलेलं असतं, आणि तुम्ही शोधताय तो दोष बहुधा त्या ओ-रिंगमध्येच आहे. अवजार जमिनीवर टेकवा किंवा सोडून काढा, इंजिन बंद करा, चाकांना पुढून-मागून दगडाची किंवा लाकडाची उटी लावा, लिव्हर पूर्ण खाली करून आत अडकलेला दाब जाऊ द्या. त्यानंतरच कुठलाही नट किंवा प्लग सैल करा. अवजार उचललेलंच ठेवून काही पाहावं लागणार असेल तर त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे किंवा स्टँड हवेत. जॅक त्या कामाचा नाही.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. दाबाखालच्या तेलाची सुईएवढी बारीक धार कातडीतून आत जाऊ शकते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, पण आत तेल पसरतं आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. गळती हाताने चाचपून कधीही शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. तशी धार लागलीच तर जखम लहान आहे म्हणून घरी थांबू नका. लगेच रुग्णालयात जा आणि तेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

४. क्लच दाबला की लिफ्ट थांबते. हा बिघाड आहे का?

बहुधा नाही. टीई-२०, ९एन आणि ८एनमध्ये पंपाला फिरवणारा शाफ्ट क्लचच्या नंतर येतो. क्लच दाबला की पंप थांबतो, आणि पीटीओचा लिव्हर गुंतवलेला नसेल तर पंप फिरतच नाही. "लिफ्ट अचानक बंद पडली" म्हणून आलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांत फक्त पीटीओचा लिव्हर सुटलेला होता. तेव्हा पहिली तपासणी ही.

मॅसी ३५ आणि १३५ मध्ये दुहेरी क्लच असेल तर पॅडल अर्धं दाबल्यावर फक्त गाडी थांबते, पंप चालू राहतो. पूर्ण दाबल्यावर पंपही थांबतो. एकेरी क्लचवाल्या ३५ मध्ये मात्र पॅडल दाबलं की पंप बंद. फोर्डने १९५३ च्या एनएए मॉडेलमध्ये पंप इंजिनावर नेला आणि ही अडचण संपवली. दुहेरी क्लच असून अर्ध्या पॅडलवर लिफ्ट थांबत असेल तर मात्र क्लचचं समायोजन बिघडलंय. तो लिफ्टचा दोष नाही.

५. तेल कोणतं घालायचं? आणि आतलं तेल दुधासारखं पांढरट झालंय, त्याचं काय?

या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात. त्यामुळे गिअरला हवं तेवढं जाड आणि पंपाला शोषता येईल तेवढं पातळ, असं तेल लागतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला दर्जा घ्या. पुस्तिका नसेल तर ट्रॅक्टरच्या गिअर आणि हायड्रॉलिक दोन्हींसाठी म्हणून विकलं जाणारं तेल घ्या. नुसतं जाड गिअर ऑइल भरू नका. थंडीत पंपाला ते ओढता येत नाही आणि लिफ्ट सुस्त होते. पातळी डिपस्टिकवर, ट्रॅक्टर सपाट जागी, अवजार खाली टेकलेलं असताना पाहा.

पांढरट तेल म्हणजे आत पाणी आहे. गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरी टोपीतून पावसाचं पाणी जातं, किंवा उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये दमट हवेचं पाणी जमतं. असं तेल सगळं काढा. गरम असतानाच काढा, म्हणजे तळाचा गाळही निघतो. आत थोडं डिझेल फिरवून धुवायला हरकत नाही, पण डिझेल भरून ट्रॅक्टर चालवू नका, गिअरला वंगण मिळत नाही. नंतर पंपाची शोषण जाळी साफ करा. पाणी कुठून आलं ते बंद केल्याशिवाय नवीन तेल भरणं म्हणजे पैसे ओतणं.

तेलावर फेस येत असेल तर गोष्ट वेगळी. फेस म्हणजे पंप हवा ओढतोय. तेल कमी आहे, नाहीतर शोषण बाजूचं पॅकिंग गेलंय.

६. लिफ्ट अजिबात उचलत नाही. सुरुवात कुठून करू?

फुकटातल्या तपासण्या आधी करा, उघडझाप नंतर.

पीटीओ लिव्हर आणि क्लच (प्रश्न ४). मग तेलाची पातळी आणि रंग (प्रश्न ५). मग अवजार काढून टाका आणि रिकामे आर्म उचलतात का पाहा. रिकामे उचलत असतील आणि वजन घेत नसतील तर दाब कुठेतरी निसटतोय, प्रश्न ७ आणि १० कडे जा. रिकामे आर्मसुद्धा हलत नसतील तर इंजिन बंद करून ते हाताने किंवा लांब पहारीने उचलून पाहा. हलतात का? आडवा शाफ्ट बुशमध्ये गंजून अडकला असेल तर जगातला कुठलाही पंप त्याला हलवणार नाही.

शाफ्ट मोकळा असेल तर बाजूचं तपासणी कव्हर उघडा. त्याआधी तेल थोडं काढून घ्या, नाहीतर सगळं पायावर येईल. टॉर्च घेऊन आत पाहा आणि दुसऱ्याला क्वाड्रंटचा (सीटजवळच्या कमानीवरचा) लिफ्टचा लिव्हर वर-खाली करायला सांगा, इंजिन बंदच ठेवून. लिव्हरबरोबर व्हॉल्व्ह सरकताना दिसला पाहिजे. दिसत नसेल तर लिव्हर आणि व्हॉल्व्हला जोडणारं लिंकेज सुटलंय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. लिव्हर हलतो, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, हा दोष मी इतक्या वेळा पाहिलाय की बाजूचं कव्हर न उघडता कुणी पंप उतरवायला निघालं तर मी त्याला थांबवतो.

एवढं सगळं ठीक असेल तर दाब मोजा.

७. लिफ्ट उचलते, पण इंजिन बंद केलं की अवजार खाली बसतं. किती वेळात बसलं तर चालतं?

जुन्या यंत्रात थोडी गळती असणारच. रात्री उचलून ठेवलेलं अवजार सकाळी खाली आलेलं असेल तर मी त्यासाठी ट्रॅक्टर उघडणार नाही. डोळ्यांदेखत, चार-पाच मिनिटांत जमिनीला टेकत असेल तर मात्र दुरुस्ती हवी.

अडकलेलं तेल निसटायच्या जागा मोजक्याच आहेत. पिस्टनची रिंग, सिलिंडर आणि कव्हर यांच्यामधली सील, उभ्या नळीच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंगा, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणारा), कंट्रोल व्हॉल्व्हची परतीची वाट, आणि पंपाचे दाब बाजूचे छोटे व्हॉल्व्ह. यातली कुठली, हे बाजूच्या कव्हरमधून बरंचसं कळतं. अवजार उचलून, खाली ठोकळे लावून, इंजिन बंद करून आत प्रकाश टाका. सिलिंडरच्या उघड्या तोंडाकडून तेल टपकत असेल तर पिस्टनची रिंग. नळीच्या टोकाशी ओघळ असेल तर तिथली ओ-रिंग. पंपाकडून येत असेल तर रिलीफ किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. ठोकळे आणि अवजार यांच्यात थोडी फट ठेवा, कारण अवजार ठोकळ्यावर पूर्ण टेकलं की दाब जातो आणि गळती दिसायची थांबते.

८. इंजिन चालू असताना अवजार सारखं वर-खाली उचक्या देतं. का?

हा प्रश्न ७ चाच भाऊ आहे. तेल गळतं, आर्म थोडे खाली येतात, लिंकेज व्हॉल्व्हला "उचल" म्हणतं, आर्म वर जातात, पुन्हा गळतं. उचक्यांमधलं अंतर गळतीचं माप आहे. मिनिटाला एखादी उचकी असेल तर हंगाम काढता येईल. दोन-तीन सेकंदांना एक असेल तर आधी पिस्टनची रिंग बघा.

गळती नसतानाही उचक्या येत असतील तर लिंकेजमधला ढिलेपणा शोधा. झिजलेल्या पिना आणि टॉप लिंकच्या स्प्रिंगचा सैलपणा यामुळे व्हॉल्व्हला एक निश्चित जागा सापडत नाही. त्याबद्दल प्रश्न १७.

९. सकाळी मस्त उचलते, तासाभराने हळू होते आणि मग उचलतच नाही.

गरम तेल पातळ होतं आणि जिथे फट आहे तिथून जास्त निसटतं. म्हणजे झीज आहे. सिलिंडरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये किंवा पंपात. कुठे, ते ठरवायला दाब गरम तेलावरच मोजा. थंड तेलावर मोजलेला दाब अशा ट्रॅक्टरमध्ये फसवतो. पण त्याआधी तेल योग्य दर्जाचं आहे का ते नक्की करा. फार पातळ तेल भरलेल्या चांगल्या ट्रॅक्टरमध्येही हेच लक्षण दिसतं.

१०. दाब कसा मोजायचा, आणि आकड्याचा अर्थ काय लावायचा?

बहुतेक मॉडेलांत लिफ्ट कव्हरवर किंवा त्याच्या बाजूला बाहेर तेल घेण्यासाठी एक प्लग असतो. दाब सोडून तो काढा आणि तिथे योग्य आट्यांचा गेज लावा. गेजचं माप अपेक्षित दाबाच्या दीडपट तरी असू द्या. टीई-२० चा रिलीफ २००० पीएसआयच्या (चौरस इंचावर इतके पौंड), म्हणजे साधारण १४० बारच्या आसपास उघडतो, मॅसी १३५ चा ३००० च्या आसपास. तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम माना.

रिकामे आर्म वर जाताना गेज जेमतेम हलेल, कारण दाब वजनामुळे तयार होतो. म्हणून खालच्या लिंक भक्कम साखळीने ट्रॅक्टरच्याच ड्रॉबारला बांधा, म्हणजे त्या वर जाऊ शकणार नाहीत. साखळीपासून सगळ्यांना दूर ठेवा, लिव्हर वर करा, काही सेकंदच, आणि वाचा.

गेज झपाट्याने पूर्ण दाबावर गेला तर पंप, रिलीफ, पिस्टन सगळं शाबूत. मग वजनच जास्त आहे किंवा यांत्रिक अडकाव आहे. गेज अर्ध्यावर अडखळला आणि इंजिन बंद करताच कोसळला तर गळती, प्रश्न ७. तिसरी शक्यता सगळ्यात महत्त्वाची: गेज अर्ध्यावर अडखळला पण इंजिन बंद केल्यावर तिथेच टिकून राहिला. म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या जागा ठीक आहेत. आता संशय तिघांवर. कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, रिलीफ लवकर उघडतोय, किंवा पंप खरोखर थकलाय. संशय याच क्रमाने घ्या.

दाबाचं महत्त्व कळावं म्हणून एक हिशेब. अडीच इंच व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ४.९ चौरस इंच. २००० पीएसआयला त्यावर ९८०० पौंड, म्हणजे सुमारे ४४५० किलोचा जोर येतो. आर्मच्या लांबीमुळे लिंकच्या टोकाला त्यातला थोडाच भाग पोचतो. दाब निम्मा झाला की उचलही निम्मी होते, त्यामुळे "थोडासा दाब कमी आहे" असं काही नसतं.

११. वरचं लिफ्ट कव्हर काढायचं आहे. एकट्याला जमेल का?

काढायला जमेल, बसवताना जमणार नाही. चेन ब्लॉक आणि दुसरा माणूस हवाच. पाठीने उचलायचा विचारही करू नका.

अवजार सोडा, आर्म पूर्ण खाली, दाब गेलेला. सीट, लिफ्ट रॉड आणि टॉप लिंक काढा. ज्या मॉडेलांत बाजूच्या कव्हरमधून लिंकेज सोडवावं लागतं तिथे ते आधी सोडवा. आता कव्हरचे बोल्ट. सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट ज्या जागेवरून निघाला तिथेच खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात कसून बिडाचं हौसिंग फोडलेलं मी पाहिलंय, आणि ती फट वेल्डिंगने कधीच नीट बसत नाही.

कव्हर सरळ वर उचला. तिरकं केलं तर खाली लोंबणारे लिव्हर वाकतात आणि उभी नळी ओढली जाते. काढल्याबरोबर उघड्या हौसिंगवर स्वच्छ कापड टाका. आत पडलेला एक वॉशर गिअरच्या दातांत सापडला तर लिफ्टची दुरुस्ती गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत बदलते.

१२. पिस्टनची रिंग बदलली तरी गळतंच आहे. काय चुकलं?

सिलिंडर पाहिला का? आतून बोट फिरवा. नखाला अडेल असा ओरखडा असेल तर नवी ओ-रिंग चार दिवसांत फाटेल. हलके डाग होनिंगने (आतून बारीक घासून) जातात. खोल ओरखडा किंवा गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडर बदलणं किंवा लेथवर नवा स्लीव्ह बसवून घेणं हेच खरं.

काही जुन्या पिस्टनांवर बिडाच्या रिंगा असतात, नंतरच्यांवर ओ-रिंग आणि तिच्या जोडीला बॅकअप रिंग. बॅकअप रिंग उलट्या बाजूला बसवणं ही नेहमीची चूक. तेलाच्या दाबाची बाजू आधी ओ-रिंग, तिच्या पाठीशी बॅकअप. दाब ओ-रिंगला फटीत ढकलतो आणि बॅकअप तिला तिथे जाऊ देत नाही. उलट बसवली तर बॅकअप असून नसल्यासारखी.

ओ-रिंग नायट्राइल रबराचीच घ्या. साध्या रबराची रिंग खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. मापात अंदाज नको, जुनी रिंग चपटी झालेली असते म्हणून खोबणी मोजा. बसवताना खोबणीच्या कडा आणि रिंग दोन्हीला तेल लावा, रिंग पिळली गेली नाही ना ते पाहा.

आणि सिलिंडर जिथे कव्हरला बोल्टने जोडला जातो तिथली सील. पिस्टनची रिंग बदलताना ही बहुतेकजण तशीच सोडतात. कव्हर उघडलंच आहे तर ती आणि नळीच्या दोन्ही ओ-रिंगा बदलून टाका. त्यांच्यासाठी पुन्हा सगळं उघडायला कुणालाही आवडणार नाही.

सिलिकॉनची ट्यूब या कामात वापरू नका. कागदी गॅस्केट वापरा. आत पिळून निघालेले सिलिकॉनचे धागे तुटतात, तेलात फिरतात आणि शोषण जाळीवर जाऊन बसतात.

१३. कव्हर परत बसवलं. आता लिफ्ट एकतर वर जाऊन खालीच येत नाही, नाहीतर लिव्हरला दादच देत नाही.

कव्हरमधून खाली येणारे लिव्हर पंपाच्या व्हॉल्व्हच्या काट्यात बरोबर बसले नाहीत. कव्हर खाली घेताना ते काट्याच्या पुढे किंवा मागे गेले की हेच होतं. लिव्हर हातात मोकळा फिरतो, कव्हर बसल्यासारखं दिसतं, बोल्ट कसले जातात.

बाजूचं कव्हर उघडं ठेवूनच वरचं कव्हर बसवा. एकाने कव्हर इंच-इंच खाली सोडायचं, दुसऱ्याने आत पाहत लिव्हर बोटाने काट्यात न्यायचा. कव्हर शेवटच्या इंचावर टेकत नसेल तर बोल्ट कसून ओढून घेऊ नका. काहीतरी आड येतंय, बहुधा नळी किंवा लिव्हर. वर घ्या आणि पुन्हा पाहा.

१४. मग पंप काढायची वेळ कधी येते?

तेल योग्य आहे, जाळी साफ आहे, व्हॉल्व्ह पूर्ण सरकतो, रिलीफ तपासलाय, गेज गरम तेलावर प्रश्न १० मधल्या तिसऱ्या प्रकारचा आकडा दाखवतोय. तेव्हा. पंप काढायला पीटीओ शाफ्ट आणि काही मॉडेलांत वरचं कव्हरही काढावं लागतं, दिवसभराचं काम आहे.

काढल्यावर पिस्टन, त्यांच्या रिंगा, शोषण आणि दाब बाजूचे छोटे व्हॉल्व्ह व त्यांच्या स्प्रिंगा पाहा. चारपैकी एका कप्प्याचा व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला तर लिफ्ट लंगडी उचलते, धक्के देत, आणि साफ केल्यावर पूर्ववत होते. कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याची बुश ही जुळवलेली जोडी असते. एमरी कागद मारून व्हॉल्व्ह "मोकळा" केला तर तो गळका होतो. डिझेलने धुवा, मऊ कापडाने पुसा, एवढंच.

१५. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) टाकून ताकद वाढवता येईल?

दाब पुस्तिकेपेक्षा कमी असेल आणि स्प्रिंग दमली असेल तर नवी स्प्रिंग किंवा पूर्ण व्हॉल्व्ह बदला. ठरलेल्या दाबापर्यंत आणण्यासाठी शिम चालेल. त्यापलीकडे नेऊ नका. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर किती भार राहतो याचा विचार करूनच तो दाब ठरवलेला आहे. रिलीफ वाढवला की आधी कव्हर किंवा आडवा शाफ्ट तुटतो, नाहीतर पुढची चाकं उचलली जातात आणि स्टीअरिंग हातात राहत नाही.

१६. माझा टीई-२० अवजार मधल्या उंचीवर थांबवतच नाही. एकतर पूर्ण वर, नाहीतर खाली. कुठला भाग बदलू?

कुठलाच नाही. १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त टीई-२० बनले आणि एकातही स्वतंत्र पोझिशन कंट्रोल (अवजार ठराविक उंचीवर धरून ठेवायची सोय) नव्हता. त्यातला लिव्हर उंची ठरवत नाही, नांगरावरची ओढ ठरवतो. जमिनीत ओढ असली की लिव्हरची मधली जागा अर्थपूर्ण होते, हवेत ओढ नसते म्हणून आर्म टोकापर्यंत जातात. फोर्डने १९४७ च्या ८एनमध्ये पोझिशन कंट्रोल दिला, आणि मॅसी ३५ मध्ये त्यासाठी दुसरा लिव्हर आला. टीई-२० ला ठराविक उंची हवी असेल तर अवजाराला खोलीचं चाक लावा किंवा लिंकना ठराविक लांबीची साखळी. चांगली चालणारी लिफ्ट केवळ या गैरसमजापोटी उघडलेली पाहून मला खरंच वाईट वाटतं.

८एन किंवा ३५ मध्ये हेच होत असेल तर मात्र तो दोष आहे. आधी लिव्हर योग्य कंट्रोलवर आहे का पाहा, मग आतल्या लिंकेजची झीज.

१७. नांगरताना खोली सारखी बदलते. हायड्रॉलिकचा दोष की जमिनीचा?

टॉप लिंक मागे जिथे जोडली जाते तिथे एक जाड स्प्रिंग असते. नांगर खोल गेला की ओढ वाढते, टॉप लिंक पुढे ढकलली जाते, स्प्रिंग दबते आणि लिंकेज व्हॉल्व्हला थोडं उचलायला सांगते. हेच फर्ग्युसन पद्धतीचं हृदय. त्या स्प्रिंगला मागे-पुढे सैलपणा असेल तर सगळं अंदाजाने चालतं.

अवजार काढून स्प्रिंग हाताने धरा. ती बोटांनी फिरवता आली पाहिजे, पण पुढे-मागे खडखडता कामा नये. खडखडत असेल तर समायोजनाचा नट किंवा योक फिरवून ढिलाई काढा. स्प्रिंगच दबून आखूड झाली असेल तर बदला. टॉप लिंकच्या पिना आणि भोकंही पाहा. अंडाकृती झालेल्या भोकातला दोन-तीन मिलिमीटरचा खेळ व्हॉल्व्हपाशी मोठा होतो.

पोझिशन कंट्रोलवर ठेवून नांगरत असाल तर खोली बदलणारच. ट्रॅक्टर उंचवट्यावर चढला की नांगर वर येतो. नांगराला ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे ओढीवर चालणारा कंट्रोल, वापरा.

१८. बरीच वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर घेतलाय. आर्म वरच अडकलेत आणि खाली येत नाहीत.

आर्मखाली कुणीही जाऊ नका. आत अजून दाब असू शकतो आणि ते केव्हाही कोसळू शकतात. तेल बदला, मग बाजूच्या कव्हरमधून व्हॉल्व्ह पाहा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या पंपात व्हॉल्व्ह जुन्या तेलाच्या चिकट थराने बसतो. लाकडी काठीने हलक्या दाबाने पुढे-मागे करा, पान्याने ठोकू नका. मॅसी ३५ पासूनच्या पंपांत व्हॉल्व्हला सतत किंचित हलवत ठेवणारा ऑसिलेटर असतो. तो झिजला असेल तर व्हॉल्व्ह सुटूनही पुन्हा पुन्हा अडकतो.

व्हॉल्व्ह मोकळा असून आर्म खाली येत नसतील तर आडव्या शाफ्टच्या बुश गंजल्या आहेत. दोन्ही टोकांना आत शिरणारं तेल रोज थोडं टाकत आठवडाभर थांबा. सील मात्र त्यानंतर बदलाव्या लागतीलच.

१९. ट्रेलर उलटवायचा सिलिंडर जोडल्यापासून लिफ्ट कमी उचलते. काय संबंध?

दोन संबंध. ट्रेलरच्या सिलिंडरमध्ये जाणारं तेल ट्रॅक्टरच्या त्याच साठ्यातून जातं. सिलिंडर पूर्ण उघडल्यावर मागच्या हौसिंगमधली पातळी काही लिटरने खाली येते आणि पंप हवा ओढायला लागतो. सिलिंडर उघडा असताना डिपस्टिक पाहा. तेवढ्याने भागत नसेल तर या ट्रॅक्टरला तो सिलिंडर मोठा आहे.

दुसरा जास्त वाईट. तोच ट्रेलर वेगवेगळ्या ट्रॅक्टरांना लागत असेल तर प्रत्येकाचं तेल, पाणी आणि लोखंडाचा चुरा त्याच्या सिलिंडरमधून तुमच्या गिअरबॉक्समध्ये येतो. जोडायच्या आधी ट्रेलरचा सिलिंडर एकदा पूर्ण रिकामा करून घ्या, कपलिंगची तोंडं पुसा आणि न वापरताना त्यावर टोप्या ठेवा. जोडणी काढल्यावर लिफ्टच चालेनाशी झाली असेल तर बाहेरच्या वाटेचा व्हॉल्व्ह अर्धवट फिरलेला राहिलाय. तो शेवटपर्यंत लिफ्टच्या बाजूला वळवा.